कोनता गावना शे भाऊ?

नवापूर स्टेशनच्या फलाटावर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंना राज्यांची नावं रंगवलेली आहेत. गाडी थांबली की पोरं उतरतात, दोघं दोन राज्यांत बसतात आणि फोटो काढतात. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि सीमा नेमकी या स्टेशनातून गेली. बाकड्यावर आडवा झालेला म्हातारा कूस बदलली की परराज्यात जातो, आणि त्याला पत्ताही नसतो.

आम्ही अमळनेरकडची माणसं याच मार्गाने सुरतेला जात आलो. माझा मामा चाळीस वर्षांपूर्वी डाइंग मिलमध्ये लागला तो तिकडचाच झाला. उधना, लिंबायत या भागांत आजही अहिराणी कानावर पडते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले आणि २०२० मध्ये गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्षही. पण मामाच्या चाळीत भांडण झालं की पहिला शब्द निघायचा तो ‘बाहेरचे’. आणि इकडे चोपडा, यावल, रावेरच्या केळीबागांत सातपुड्यातून उतरलेलं पावरा आदिवासी कुटुंब दिसलं की तोच शब्द आम्ही वापरतो, ‘बाहेरना लोके’.

म्हणून ब्रिटन, अमेरिका, कॅनडातल्या स्थलांतराचे वाद टीव्हीवर चालतात तेव्हा ते आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. फक्त त्यात चार निरनिराळी भांडणं एकाच पोत्यात कोंबलेली असतात. बाहेरून किती माणसं येऊ द्यायची, हे एक. आलेल्यांमुळे इथल्यांच्या कामाचं आणि घराचं काय होतं, हे दुसरं. त्यांनी आपल्यासारखं व्हायचं की स्वतःसारखं राहायचं, हे तिसरं. आणि चौथं कातडीच्या रंगाचं, जे बहुतेक वेळा पहिल्या तिघांचे कपडे घालून येतं. पोतं सोडून माल वेगळा केला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आधी आकार पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक सुमारे ३०.४ कोटी होते, म्हणजे जगात शंभरातले चारही नाहीत. त्याउलट २०११ च्या जनगणनेत एकट्या भारतात, देशातल्या देशात जागा बदललेले लोक ४५ कोटींवर निघाले. त्यातलं सर्वांत मोठं कारण रोजगार नव्हे, बायकांचं लग्न. म्हणजे घरातली पहिली स्थलांतरित आपली आई. गाव सोडलं, आडनाव सोडलं, धुळ्याकडची असून रावेरला दिली असेल तर बोलीही सोडली. तिच्या अहिराणी ‘शे’ला, म्हणजे ‘आहे’ला, लेवा बोलीवाल्या सासरी वर्षभर हसले असतील. हे उदाहरण पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता कामाचं भांडण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल संपतं आणि नवं ठरतं, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. मागच्या आखाजीला मी रावेर तालुक्यात साडूच्या ओट्यावर बसलो होतो. पावरा सालदार खाली उकिडवा बसला होता, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, जे कोणत्याही साबणाने जात नाहीत. बायको दाराच्या कडेला उभी. सालाची रक्कम, वर धान्य किती, उचल किती, सगळं अर्ध्या तासात ठरलं. ते दोघं गेल्यावर गल्लीतला एक जुना शेतमजूर आला आणि आवाज उतरवून म्हणाला, “ह्या लोकांनी भाव पाडला, दादा. अख्खं कुटुंब वावरात राहतं. एका सालात तीन माणसांचं काम होतं. आम्ही कुठे पुरणार?” साडू म्हणाला, “तुझी पोरं चिकात हात घालायला येतात का? हे नसते तर मी बाग मोडून कापूस लावला असता. मग घड वाहणारा, गाडी भरणारा, सगळेच घरी बसले असते.”

दोघंही खरं बोलत होते, आणि जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांचं भांडण नेमकं याच ओट्यावरचं आहे.

१९८० मध्ये क्युबाने मारिएल बंदर उघडलं आणि काही महिन्यांत सव्वा लाख क्युबन लोक अमेरिकेत आले. त्यातले निम्मे एकट्या मायामीत राहिले. शहरातले कामगार एका झटक्यात सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. मजुरी कोसळायला हवी होती. डेव्हिड कार्ड यांनी आकडे तपासले आणि १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर किंवा बेकारीवर जवळपास काहीच परिणाम दिसत नाही. पुढे २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण जॉर्ज बोर्हास, जे स्वतः लहानपणी क्युबातून आलेले, त्यांनी तेच आकडे पुन्हा चाळले आणि सांगितलं की शाळाही पुरी न केलेल्या पुरुषांपुरतं पाहिलं तर मजुरी चांगलीच घसरली. त्यावर इतरांनी आक्षेप घेतला की इतकी चाळणी लावल्यावर हातात माणसं उरतात किती. वाद अजून चालू आहे.

कामं म्हणजे ठरलेल्या संख्येच्या भाकरी नव्हेत, की एकाने खाल्ली तर दुसऱ्याची गेली. आलेला माणूस राहतो, खातो, भाड्याने खोली घेतो, त्यातून कामं वाढतात. पण हा फायदा सगळ्या गावात विरघळतो आणि झळ मात्र एका गल्लीला बसते, ज्याचं कौशल्य आलेल्याशी तंतोतंत जुळतं त्याला. साडूला फायदा दिसला, गल्लीतल्या मजुराला झळ दिसली. त्या मजुराला ‘तू मागास विचारांचा आहेस’ म्हटलं तर तो उद्या कोणाच्या सभेला जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. युरोपात पुष्कळ सुशिक्षितांनी हीच चूक केली, असं माझं मत आहे.

घराचं गणितही असंच. कॅनडाने वर्षानुवर्षं हात पसरून माणसं बोलावली, पण घरं त्या वेगाने बांधली नाहीत. भाडी चढली, तसं लोकमतही उलटलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने पुढच्या वर्षाचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. त्याच्या आधी परदेशी विद्यार्थ्यांवरही मर्यादा घातली होती, त्याचा फटका आपल्याकडे कर्ज काढून बसलेल्या कितीतरी घरांना बसला. यात रंगाचा तिटकारा काहींचा असेल, पण बराचसा राग घरभाड्याचा होता.

आता तिसरं भांडण, ज्याला बहुसंस्कृतिवाद असं जड नाव आहे. इथे सासरी आलेल्या त्या आईचं, म्हणजे सुनेचं उदाहरण कामाला येतं.

फ्रान्स म्हणतो, सून उंबरा ओलांडून आली की माहेर बाहेर. घरात आमचीच रीत. सगळे फक्त फ्रेंच, बाकी ओळख घरी ठेवा. १९०५ पासून धर्म आणि सरकार वेगळे. जनगणनेत वंश किंवा धर्म विचारतच नाहीत. २००४ पासून सरकारी शाळेत डोळ्यांत भरणारी धार्मिक खूण चालत नाही, मग तो हिजाब असो की शिखांची पगडी. ऐकायला समान वागणूक वाटते. पण २००५ मध्ये पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांना टाळण्यासाठी विजेच्या केंद्रात लपलेली दोन पोरं शॉक लागून मेली आणि तीन आठवडे देशभर गाड्या जळत होत्या. उपनगरातल्या पोरांचं म्हणणं सोपं होतं: कागदावर आम्ही फ्रेंच, पोलिसांच्या तपासणीत अरब. आणि वंश मोजायचाच नाही म्हटल्यावर भेदभाव किती होतो हे मोजणार कसं?

कॅनडा म्हणतो, सुनेने माहेरची भाजीही करावी, आम्हीही खाऊन बघू. १९७१ मध्ये पिअर ट्रुडो यांनी हे सरकारी धोरण केलं, १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. पण हाच कॅनडा १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातल्या ३७६ भारतीयांना, बहुतेक पंजाबी शीख, व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने ताटकळत ठेवून, मोजके सोडता, परत पाठवणारा. म्हणजे देशाचा स्वभाव जन्मजात नसतो. तो कायद्याने बिघडतो, कायद्याने सुधारतोही.

जर्मनीने सून आणलीच नाही. त्यांनी सालदार ठेवला. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केला, पाहुणे-कामगार आणले, दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. पण शिकवलेला कामगार दोन वर्षांनी घालवून नवा शिकवायचा, हे कारखानदारांनाच परवडेना. मग १९७३ मध्ये भरती बंद केली आणि गंमत झाली. एरवी जो तुर्क कामगार गावी जाऊन पुन्हा येऊ शकला असता, त्याला कळलं की आता गेलो तर दार बंद. त्याने जाण्याऐवजी बायकापोरंच बोलावून घेतली. दार लावलं आणि माणसं घरात मुक्कामाला राहिली. त्यांची पोरं जर्मनीत जन्मली, जर्मन बोलली, तरी २००० साली कायदा बदलेपर्यंत जन्माने नागरिक होऊ शकत नव्हती. आमच्या गावचा एक पोरगा सध्या म्युनिकला आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आखाती देशांत सालदारी अजून शुद्ध स्वरूपात आहे. संयुक्त अरब अमिरातीत दहातली जवळपास नऊ माणसं परदेशी, पण साध्या कामगाराला नागरिकत्वाचा प्रश्नच नाही, म्हणून तिथे या विषयावर चर्चाही नाही. काम संपलं, जा. काही जण त्यालाच शांतता म्हणतात.

सिंगापूरने आणखी वेगळं केलं. १९६४ च्या चिनी-मलय दंगली त्यांनी पाहिल्या होत्या. १९८९ पासून सरकारने बांधलेल्या घरांच्या इमारतींत प्रत्येक वंशाच्या कुटुंबांची कमाल मर्यादा ठरवली. मर्यादा भरली की त्या वंशाचा वाटा वाढवणाऱ्या नव्या कुटुंबाला तिथे घर घेता येत नाही. जुलमी वाटतं ना? मग जळगाव किंवा धुळ्यात भाड्याने खोली बघायला जा. घरमालक आधी भाडं सांगत नाही, “आडनाव काय?” विचारतो. नंतर, “नॉनव्हेज खाता का?” हाही कोटाच आहे, फक्त कोणी छापलेला नाही आणि त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

इथवरच्या भांडणांत काळ हे औषध आहे. लेवा पाटील मंडळी गुजरातेतून आली असं त्यांचीच परंपरा सांगते. मालेगाव-धुळ्याच्या मागांवरच्या मोमीन घराण्यांचे पूर्वज उत्तर प्रदेशातून आले. १९४७ नंतर सिंधी कुटुंबं अंगावरच्या कपड्यांनिशी जळगावात उतरली, जळगावच्या सराफ्यात आज बंगाली कारागीर आहेत. लेवा पाटलाला आज कोणी ‘गुजरातेत परत जा’ म्हणत नाही, म्हटलं तर लोक हसतील. बोली एका पिढीत बदलते, जेवण दोन पिढ्यांत. पण कातडी बदलत नाही, आणि इथून चौथं भांडण सुरू होतं.

गाडीत समोरच्याला आपण विचारतो, “कोनता गावना शे भाऊ?” उत्तर मिळालं की दहा मिनिटांत कुणाची तरी मावशी त्या गावात दिलेली निघते आणि डबा उघडतो. लंडनमध्ये तिसऱ्या पिढीच्या काळ्या मुलीला हाच प्रश्न येतो. ती म्हणते, लंडन. मग पुढचा प्रश्न येतो: “हो, पण मूळची कुठली?” प्रश्न तोच, पण आपला जवळ ओढण्यासाठी असतो आणि हा दूर ढकलण्यासाठी.

जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे लोक टिलबरी बंदरात उतरले ते राणीच्या नव्हे, त्या वेळच्या राजाचे प्रजाजन म्हणून, पूर्ण हक्काने. महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती. त्या लोकांनी पुढे बसगाड्या चालवल्या, इस्पितळं चालवली. तरी सत्तर वर्षांनी, २०१८ मध्ये उघड झालं की त्या पिढीत लहानपणी आलेल्या कित्येकांना सरकारनेच ‘कागद दाखवा’ म्हणून नोकरीतून, घरातून काढलं, काहींना देशाबाहेर पाठवलं. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं गृहखात्याने २०१० मध्ये स्वतःच नष्ट केली होती.

अमेरिकेत तर रंगाचा प्रश्न स्थलांतराचा नाहीच. आफ्रिकेतून गुलाम आणणं तिथे १८०८ मध्ये कायद्याने बंद झालं. म्हणजे बहुतेक काळ्या अमेरिकनांचे पूर्वज त्याआधीचे. इटालियन, पोलिश, ज्यू लोकांची मोठी लाट १८८० नंतरची. नंतर आलेला घरचा झाला आणि आधी आलेला दारात राहिला. मग ‘गोरा’ म्हणजे कोण? १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व मागणाऱ्या ओझावा नावाच्या जपानी माणसाला सांगितलं, तू शास्त्राप्रमाणे कॉकेशियन नाहीस, म्हणून गोरा नाहीस. तीनच महिन्यांनी पंजाबचे भगतसिंग थिंड उभे राहिले, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन, वर उच्च जातीचा आर्य. त्याच न्यायालयाने उत्तर दिलं: शास्त्राचं सोडा, सामान्य माणूस तुम्हाला गोरा मानत नाही. यावरून वंश किती ‘नैसर्गिक’ असतो ते समजावं. आणि आपल्या माणसाने तिथेही जातीचा दाखला काढला, हे वाचताना मला हसू येतं आणि मग येत नाही.

हे आपल्याकडे नाही असं म्हणायचं असेल तर २०१४ मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मेलेल्या अरुणाचलच्या निडो तानिया या तरुणाची आठवण काढावी लागेल. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून चेष्टा झाली आणि तिथून सुरू झालं. किंवा दूर कशाला, नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले जवळपास ७० लोक आदिवासी आहेत. भिल्ल या मुलखात आपल्या सर्वांच्या आधीचे. तरी बाजाराच्या दिवशी दुकानदार त्याच्याशी ‘ए, काय रे’ करून बोलतो आणि मागून आलेल्या आम्हाला ‘या शेठ, बसा’ म्हणतो. इथे कोणी कुठून आलेलं नाही, तरी एक जण बाहेरचा आहे.

आणि या सगळ्या वाळलेल्या गवताला काडी लागते ती अफवेने. २९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट इथे नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. काही तासांत फोनवर पसरलं की मारेकरी होडीतून आलेला निर्वासित. तो निघाला कार्डिफला जन्मलेला सतरा वर्षांचा मुलगा. पण तोवर दंगली पेटल्या होत्या, रॉदरहॅममध्ये निर्वासितांना ठेवलेलं हॉटेल माणसांसकट जाळायचा प्रयत्न झाला. लेस्टरला दोन वर्षं आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आशिया कपच्या भारत-पाक सामन्यानंतर भिडले ते गोरे-काळे नव्हते, हिंदू-मुस्लिम तरुण होते. आपलं भांडण आपण सामानात बांधून नेलं. याच लेस्टरच्या नगरपालिकेने १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या गुजरात्यांना ‘इकडे येऊ नका’ अशी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. ते आले, दुकानं थाटली, आज शहर त्यांच्या दिवाळीचा अभिमान मिरवतं.

साउथपोर्टच्या बातम्या वाचताना मला साक्री तालुक्यातलं राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आठवडाभर फोनवर फिरत होते. भिक्षा मागणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, त्यातले बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढ्याचे, तिथे उतरले आणि जमावाने त्यांना ठेचून मारलं. ते मराठी बोलत होते, त्यातले बहुतेक जण महाराष्ट्रातलेच होते. बाहेरचे ठरायला एवढं पुरलं की त्यांना गावात कोणी ओळखत नव्हतं. ‘कोनता गावना शे’ हा प्रश्न तिथे कोणी विचारला असेल, तर उत्तर ऐकायला थांबलं नाही.

तो म्युनिकचा पोरगा. जर्मनीने जून २०२४ पासून नियम सैल केले: आठऐवजी पाच वर्षं राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि जुनं सोडा असा त्यांचा आग्रहही नाही. आग्रह आपला आहे. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. मागच्या दिवाळीत तो गावी आला होता, वडिलांना हे समजावत होता. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागेल, त्याऐवजी ‘ओसीआय’ कार्ड मिळेल, त्यावर कधीही येता-जाता येतं, व्हिसा लागत नाही, मतदान मात्र करता येत नाही. वडील मान डोलवत होते. पोराला वाटलं, धक्का बसलाय.

“मंग वावरनं काय?” वडिलांनी विचारलं.

शेतजमीन विकत घेता येत नाही, तो म्हणाला. वडिलोपार्जित असेल तर वारसाने मिळते.

“मिळस ना?” म्हणत वडील उठले आणि मोटर चालू करायला विहिरीकडे गेले, कारण लाईट आली होती.